गाळलेलं प्रकरण

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

तीनदा फोन केला, तू उचलला नाहीस. चौथ्यांदा उचललास आणि "मी एका हॉटेलच्या पाण्याच्या टाकीत डोकं घालून उभी आहे" म्हणून कापलास. म्हणून हे पत्र. पत्र काही तुला कापता येणार नाही.

बातमी फार मोठी आहे. बाबांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघतेय, पन्नास वर्षांनी! महिलांची एक मोठी संघटना काढतेय. त्यांच्या अध्यक्षबाई स्वतः तीन मजले चढून घरी आल्या, लिफ्ट बंद होती तरी. म्हणाल्या, "सगळ्यात आधी आयांचं राज्य होतं, घर आईचं, जमीन आईची, पोराला नाव आईचं आणि पुरुष म्हणजे दोन दिवसांचा पाहुणा, हे एवढं ठासून त्या काळात कोण सांगत होतं? आणि तेही पुरुष असून!" ताई, बाबांना जाऊन वीस वर्षं झाली, इतक्या वर्षांत त्यांच्याबद्दल कुणी असं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तू हसशील, हस.

पुढच्या महिन्याच्या शेवटी समारंभ आहे. आईचा सत्कार करणार आहेत. "ज्या मातेने या विचाराला घर दिलं" असं काहीसं मानपत्रात आहे. प्रस्तावना मी लिहितोय. कॉलेजात इतकी वर्षं इतिहास शिकवला, त्याचा कुठेतरी उपयोग व्हावा.

आईला कळल्यापासून तिने एकच धरून ठेवलंय, मला पुस्तक वाचून दाखव. डोळे गेल्यापासून तिला रेडिओशिवाय दुसरं काही नाही. रोज संध्याकाळी एक प्रकरण वाचतो. तळ्याकाठची थडगी, बाईच्या कुशीत ठेवलेली पोरं, आणि पुरुष कुठेतरी कडेला एकटा पुरलेला, हे सगळं ती मन लावून ऐकते. दर पिढीतल्या बायका जुन्या जमिनीवर नवा थर हाताने लिंपायच्या, तो भाग आला तेव्हा हसली. म्हणाली, "तुझ्या बाबांनी जन्मात फरशी पुसली नाही, त्यांना बरं हे कळलं."

आता काम. वारसांची संमती लागते, म्हणजे आई, तू आणि मी, तिघांच्या सह्या. सोबतच्या कागदावर सही करून पाठव. आईचा प्रश्न नाही, मी हात धरून करून घेईन. आणि हो, पुस्तक जरा आटोपशीर करतोय. शेवटचं प्रकरण गाळायचं ठरलंय. पानं वाढतात, आणि तो भाग आता जुनाट वाटतो.

तू येच.

तुझा,
बंडू

—

११ फेब्रुवारी

चि. बंडूस,
आशीर्वाद वगैरे.

तुझं पत्र वाचलं आणि जेवण तसंच ठेवून उठले. आज सकाळी एका बेकरीच्या कोठीत मेलेली घूस काढायला लावली होती, तेव्हासुद्धा जेवण गेलं नव्हतं.

पानं वाढतात म्हणे! अरे, खोटं तरी नीट बोल. मी पंचवीस वर्षं आरोग्य निरीक्षक आहे. पुढच्या दाराने मी कुठल्याच हॉटेलात शिरत नाही. पुढे मालक हसत उभा असतो, काचा चकचकीत, टेबलावर फुलं. मी मागच्या दाराने जाते. आधी मोरी, मग कचऱ्याचा डबा, मग फडकी. ओट्यावरचं फडकं उचलून हुंगलं की सगळं हॉटेल कळतं. बाबांचं पुस्तकही मी तसंच वाचलं. एकोणीस वर्षांची होते, कॉलेजच्या वाचनालयात सापडलं, सवयीने शेवटचं प्रकरण आधी उघडलं. बाकीचं पुस्तक वाचायची हिंमत पुढे दोन वर्षं झाली नाही.

तू ते वाचलंयस ना, प्रस्तावनाकार? की बाबांचं म्हणून नुसतं डोक्यावर घेऊन नाचतोयस? मी आठवण करून देते. आधीच्या सगळ्या प्रकरणांत आयांचं राज्य कसं होतं ते सांगितलं, आणि शेवटी येऊन काय म्हणतात? "मातृसत्ता हा मानवजातीचा चिखल होय. चिखलात जीव उपजतात, विचार उपजत नाहीत. पित्याने अपत्याला आपले नाव दिले, त्या दिवशी मनुष्य चिखलातून वर आला." म्हणजे राज्य होतं, पण किड्यांचं. आणि ते संपलं हे फार बरं झालं. ज्या माणसाने हे लिहिलं त्याला बायकांची संघटना डोक्यावर घेणार, आणि घेता यावं म्हणून तू आधी मोरी झाकून ठेवणार! वरून कीर्तन, आतून तमाशा.

आणि दाखला कुणाचा दिलाय? "माझ्या निकट परिचयातील एक सुशिक्षित स्त्री प्रसूतीनंतर काही आठवड्यांतच पशुवत् झालेली मी पाहिली. तिच्या अंगाला आंबूस वास येतो. अर्भकाच्या रडण्याहून लांब असा विचार ती करू शकत नाही. अर्भकाच्या कानामागे एक जांभळा डाग आहे, त्यावरून बोट फिरवत ती तासन्‌तास बसते व त्यातच तिला कृतार्थता वाटते."

बावळटा, कुणाच्या कानामागे जांभळा डाग आहे? लहानपणी माझा तो डाग शाईचा समजून थुंकी लावून कोण पुसायचं?

आई आहे ती. तेव्हा जेमतेम सव्वीस वर्षांची. आणि तो नवरा शेजारच्या खुर्चीत बसून नाक मुरडत टिपणं काढत होता! शी! तळ्याकाठची थडगी कमी पडली म्हणून घरातली बाई उकरायला घेतली. वाचनालयाच्या संडासात जाऊन मी ओकले होते. आजही ते पान आठवलं की तोंडात पाणी सुटतं, कसलं ते तुला कळलंच असेल.

आता नीट ऐक. छापायचं तर अख्खं छाप, नाहीतर काहीच छापू नकोस. गाळीव बाबा मी बाजारात येऊ देणार नाही. सही करत नाही. आणि आईसमोर ते प्रकरण वाचलंस, तर याद राख. तिला त्यातलं अक्षर माहीत नाही. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ते तिच्या कानावर पडता कामा नये.

ताई

—

२० फेब्रुवारी

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र मी कॉलेजात नेऊन वाचलं, घरात वाचायचा धीर झाला नाही. तू रागावलीस की माझं लहानपण परत येतं.

आधी एक कबूल करतो. प्रकरण मी वाचलं होतं. ती बाई म्हणजे कुणी शेजारीण, नाहीतर एखाद्या मित्राची बायको असेल, असं मी धरून चाललो होतो. डाग माझ्या लक्षातच आला नाही. तू लिहिलंस आणि शाईसारखा तो डाग डोळ्यांसमोर आला. रात्री जेवताना आईकडे बघवेना. ती विचारत होती, "पोट बिघडलंय का रे?"

पण ताई, थोडं समजून घे. त्या काळी शिकलेली माणसं असंच लिहायची. बाबांनी तळ्याकाठी उत्खननात बारा उन्हाळे काढले, त्यांच्याआधी त्या थडग्यांकडे कुणी ढुंकून बघितलं नव्हतं. एक प्रकरण वाईट म्हणून अख्खा माणूस फेकून द्यायचा का? आणि तुझंच म्हणणं बघ. छापायचं तर सगळं छाप म्हणतेस, आणि आईच्या कानावर पडता कामा नये म्हणतेस. आवृत्ती निघाली की लोक बोलणार, वर्तमानपत्रात येणार, आईचा रेडिओ दिवसभर चालू असतो. दोन्ही कसं जमायचं? सांग तूच.

काल शेवटून दुसरं प्रकरण वाचून संपवलं. पुस्तक मिटलं. आई म्हणाली, "मग?"

मी म्हटलं, "संपलं, आई."

"संपलं?"

"हो."

तिने हात पुढे केला. मी पुस्तक दिलं. जिथे मी बोट ठेवलं होतं तिथून पुढची पानं तिने अंगठ्याने चाळून बघितली. "एवढी पानं राहिलीत की," म्हणाली. माझ्या तोंडून निघून गेलं, "ती सूची आहे." आई म्हणाली, "बरीच मोठी सूची आहे," आणि पुस्तक परत दिलं. थट्टेच्या मूडमध्ये होती, त्यामुळे निभावलं. नंतर शांतपणे झोपली.

ती समाधानी आहे, ताई. इतक्या दिवसांत मी तिला इतकं मन लावून काही ऐकताना बघितलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुझ्या सहीवाचून सगळं अडलंय.

तुझा,
बंडू

—

१ मार्च

बंडू,

सही करून पाठवतेय. कागद सोबत आहे.

खूश होऊ नकोस. आठ दिवस डोकं फोडून घेतलं, दुसरी वाट सापडली नाही. तू लिहिलंस ते खरं आहे, दोन्ही जमत नाही. मग बाबा उघडे पडायला हवेत की आई झाकलेली राहायला हवी, यातलं एक निवडायचं होतं. आई निवडली. तुला नाही, बाबांना तर नाहीच.

तुला आठवतं, काचेच्या कपाटात ते पुस्तक मधोमध उभं असायचं? आणि दर आठवड्याला आई ते काढून स्वच्छ फडक्याने पुसायची, पुठ्ठा, कडा, पाठ, सगळं. बाकीच्या पुस्तकांवर बोटभर धूळ, ते मात्र लखलखीत. पाहुणे आले की त्यांची नजर तिथे जायची आणि आई बाजूला उभी. तिला वाटत असणार, आयांबद्दलचं पुस्तक म्हणजे माझंच. एवढी एक समजूत घेऊन ती जगली. आता या वयात ती हिसकावून घेणारी मी कोण?

पण बंडू, किळस आली आहे मला. स्वतःचीसुद्धा. काल एका खानावळीत गेले होते, तेलाच्या डब्यात झुरळं तरंगत होती. मालक म्हणाला, "बाई, वरवरचं काढून टाकतो, खाली तेल चांगलं आहे." मी कुलूप लावून आले. आणि घरी येऊन तुझ्या कागदावर सही केली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा घाणीला परवाना दिला. तोही जन्मदात्याच्या.

त्या अध्यक्षबाईंनी ते प्रकरण वाचलंय का रे? वाचून गाळायला सांगितलं असेल तर त्यांनाही माझा लांबूनच नमस्कार. सोयीचा बाप मिळाला की कुणालाच पूर्ण नको असतो.

मी समारंभाला येणार नाही. आईला सांग, ताईला रजा मिळाली नाही. आणि तुझ्या प्रस्तावनेत माझं नाव कुठे घालू नकोस.

ताई

—

१२ मार्च

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

तुझी सही मिळाली. तुला किती जड गेलं ते कळतंय. पण इथे काहीतरी भलतंच चाललंय आणि मला सुधरेनासं झालंय.

आई सही करत नाही.

कागद पुढे ठेवला, पेन हातात दिलं, म्हटलं, "इथे, मी हात धरतो." तिने हात काढून घेतला. म्हणाली, "माझा हात धरून लिहायची वेळ अजून आलेली नाही." मग तुझा सहीचा कागद मागितला, कुठे सही आहे विचारलं, त्यावरून बोट फिरवलं आणि स्वतःच्या उशीखाली ठेवून दिला. मागितला तर देत नाही.

परवा तिने मला अध्यक्षबाईंना फोन लावायला सांगितला. त्या आल्या. आईने मला बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. तासभर तरी बोलत होत्या. अध्यक्षबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. चहा तसाच टाकून गेल्या. मी जिन्यात गाठलं तर म्हणाल्या, "तुमच्या आईंनाच विचारा." आईला विचारलं तर म्हणते, "बायकांचं बोलणं होतं."

ताई, तू तिला काही कळवलंस का? खरं सांग. मी कुणापाशी बोललो नाही.

आता दोन दिवस झाले, जाड मार्कर आणि मोठे कागद मागवून घेतलेत. एकेक अक्षर तळहाताएवढं काढते. कागदाशी नाक लावून बसते, मान वाकडी करून. काय लिहितेस विचारलं तर म्हणे, "ताईला आहे, तुला नाही."

आणखी एक सांगायचं आहे. मी प्रस्तावनेत बाबांना "मातृत्वाचा निस्सीम उपासक" म्हटलंय. काल मुद्रितं तपासताना ते वाक्य समोर आलं. पेन्सिल हातात धरून बसून राहिलो. त्या वाक्याच्या पुढे मला काही वाचवेना. तू म्हणतेस ते ओकारीचं, मला आता थोडं थोडं कळायला लागलंय.

तुझा,
बंडू

—

१५ मार्च

चि. पोरी,

अक्षर मोठं आहे, कारण मला कळायला हवं मी काय लिहितेय. ओळी घसरल्या असतील तर तू कागद फिरवून वाच.

आधीचे कागद टाकून दिले, हे नव्याने लिहितेय. काल बंडूला समोर बसवलं आणि म्हटलं, ताईची पत्रं काढ आणि वाच. आढेवेढे घेतले, मग वाचली. अर्ध्यावर रडायला लागला. पन्नाशीला आलेला घोडा! पाणी दिलं आणि म्हटलं, पुढे वाच.

तू लिहिलंस की मला त्यातलं अक्षर माहीत नाही. अगं, अक्षर माझंच आहे. तुझ्या बाबांचं अक्षर म्हणजे शाईत पडलेली मुंगी कागदावर फिरावी तसं. छापखानेवाल्याने हात टेकले होते. अख्खं पुस्तक मी सुवाच्य उतरवून दिलं. शेवटचं प्रकरण तीनदा उतरवलं, कारण त्यांना विशेषणं पसंत पडत नव्हती. एका हातात तू, दुसऱ्या हातात पेन. ते खोलीत येरझाऱ्या घालत सांगायचे. मध्येच थांबले आणि मला विचारलं, "अंगावरच्या शिळ्या दुधाचा वास येतो, त्याला नेमका शब्द काय गं?" मी म्हटलं, आंबूस. म्हणाले, "छान. लिही." मी लिहिलं.

कुणाबद्दल लिहिताय, असं मी विचारलं नाही. विचारायचं काय? खोलीत बाई एक होती आणि तान्हं पोर एक होतं.

मग राहिलीस का, असं तू विचारशील. जाऊ कुठे? घर आईचं असतं ते पुस्तकात. आपलं भाड्याचं होतं आणि भाडेकरू म्हणून नाव त्यांचं होतं. तू होतीस. मग बंडू झाला. त्याच्या वेळी मी दुसऱ्या खोलीत बसून पाजायची, दार लावून.

ते पुस्तक मी पुसायची ते कौतुकाने, असं तू लिहिलंस. वेडे. येणाऱ्या जाणाऱ्यांत कुणीतरी ते वाचलेलं असणार, हे मला ठाऊक होतं. वाचून येतील आणि माझ्याकडे बघून नाक वर करतील. निदान त्यावर धूळ दिसू नये, घरात वास येऊ नये, एवढंच होतं. तुम्हाला माझं स्वच्छतेचं वेड वाटायचं. पन्नास वर्षं मी सकाळ-संध्याकाळ दोन वेळा अंघोळ करते. आजही करते. अंगाला साबण लावताना अजून स्वतःचा हात हुंगते. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

त्यांची किळस मला येऊन जुनी झाली. माणूस मेला की किळससुद्धा हळूहळू वाळते. आता तुमची आली. बंडूला मी मुद्दाम वाचायला बसवलं होतं. मला बघायचं होतं, माझा मुलगा ते प्रकरण आपल्या तोंडाने वाचतो का, वाचताना कुठे अडखळतो. त्याने पुस्तक मिटलं आणि म्हणे सूची आहे! आणि तू, जगातली सगळी झाकणं उचलून बघणारी, तू सही करून माझ्यावरच झाकण ठेवलंस. तुझ्या बाबांनी जे वाटलं ते निदान छापलं तरी. तुम्ही दोघांनी मला न विचारता ठरवलं की म्हातारीला सोसायचं नाही. मी लिहून सोसलंय, आता ऐकून काय होणार होतं?

तुझा सहीचा कागद मी फाडला. दुसरा पाठवू नकोस.

अध्यक्षबाईंना सांगितलं, प्रकरण जाईल, एक शब्द इकडचा तिकडे न करता. खाली माझी एक ओळ जाईल, "ही स्त्री म्हणजे मी, आणि छापखान्याची प्रतही माझ्याच हातची आहे." तसं नसेल तर माझी सही नाही. त्यांनी प्रकरण वाचलेलं होतं, बरं का. तोंड पाडून म्हणाल्या, समारंभाचा विरस होईल. म्हटलं, होऊ दे की. मानपत्र घेऊन मी करू काय, मला तर वाचताही येत नाही. चार दिवस विचार करून काल हो म्हणाल्या. आमंत्रणं गेलीत, हॉल ठरलाय, करतात काय बिचाऱ्या.

सत्काराला उत्तर म्हणून मी भाषण करणार नाही. शेवटचं प्रकरण म्हणणार आहे. लोकांना आयांचं राज्य आवडतं ना, मग ते बुडवणाराही कोण होता ते बघू देत. बंडू घाबरलाय. रजा मिळाली नाही वगैरे मला सांगू नकोस, तू ये आणि त्याच्या शेजारी बस.

आज सकाळी तो म्हणाला, "आई, मी ते लोकांसमोर वाचणार नाही. तुला दिसत नाही. मग वाचणार कोण?"

म्हटलं, वाचायला कशाला हवं? मला पाठ आहे.

आई